धाकट्या राणीचं नाक

माझे वडील जळगावात नाटकाचे पडदे रंगवत. राजवाडा, जंगल, रस्ता, तुरुंग. कंपनीला एवढं पुरायचं. पुढे बोलपट आले, कंपन्या बसल्या. एक कंपनी मोडली तेव्हा तिच्या मालकांनी जाताना वडिलांच्या हवाली एक ट्रंक केली. आत जरीचे शालू असतील म्हणून आई हात पुसत पुढे आली. निघाली नाटकांची पुस्तकं. आई तशीच मागे फिरली आणि मी पुढे सरकले.

वडिलांकडून मी चित्रं काढायला शिकले. त्यांचा एक नियम होता, चेहरा कधी मनातून काढायचा नाही. मनातले सगळे चेहरे सारखेच निघतात, असं ते म्हणायचे. समोर जो माणूस असेल त्याचाच चेहरा घ्यायचा. आमच्या गल्लीतला पिठाच्या गिरणीचा मालक तीन पडद्यांवर विष्णू होऊन शेषावर निजलेला होता. हे त्याला ठाऊक होतं आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. तेव्हा या नियमात वाईट असं काही असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

मी शिक्षिका होऊन धुळ्याला, देवपूरच्या एका शाळेत लागले. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. त्या वेळी गावोगाव प्रौढ बायांचे साक्षरतेचे वर्ग निघत होते. माझ्या वाट्याला पांझरेकाठचं एक गाव आलं. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळची शाळा आटोपली की एसटीनं जायचं, दुपारी दोन तास शिकवायचं आणि उन्हं कलायच्या आत परत यायचं. बाया पंधरा-सोळा. येताना सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन यायच्या आणि फोडत बसायच्या. सरकारी पुस्तकात पहिल्याच पानावर अननस होता. त्या गावात अननस कोणी पाहिलेला नव्हता. मीही तोवर चित्रातच पाहिला होता. महिनाभरात शेंगांचा ढीग झाला, अक्षरं काही झाली नाहीत.

मी मुळात तापट. एका मंगळवारी मी पुस्तक आपटलं आणि रागानं गप्प बसले. गप्प तरी किती वेळ बसणार? एसटी यायला तास होता. म्हणून ट्रंकेतल्या एका जुन्या संगीत नाटकाची गोष्ट सांगायला घेतली. शेंगा फोडणारे हात थांबले. दर वेळी मग गोष्टच पाहिजे. वाचायचं नाव काढलं की पुढच्या रांगेतली एक ठसक्यात म्हणायची, "तुन्हं तोंड शे, आम्हना कान शेतस. मझार अक्षर कसाले घालस, बाई?"

तोंड आणि कान असताना मधे अक्षर कशाला, हे तिचं म्हणणं बरोबरच होतं. म्हणून मी लबाडी करायची ठरवली. गोष्ट सांगायची नाही, काढून द्यायची. एका पानावर सहा चौकटी. चौकटीत नाटकातली माणसं, आणि त्यांचं बोलणं त्यांच्या तोंडाशी फुग्यात. मुंबईच्या एका इंग्रजी अंकात मी असं पाहिलं होतं. नाटकाला हे सोयीचंही होतं. नाटकात माणसं बोलतातच, नुसते फुगे काढायचे की झालं. अवघड होतं ते भाषेचं. मूळ पुस्तकात राजा सकाळी उठला तरी अर्धं पान लागायचं. "हे प्रिये, अरुणोदयाच्या या मंगल समयी" वगैरे. मी ते सगळं छाटून "राणी, ऊठ" एवढंच ठेवलं. वडिलांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "नाटककार वरून बघत असेल तर तुला शाप देईल." मग त्यांनीच दोन ठिकाणी आणखी छाटून दिलं.

छपाईला पैसा कुठला? शाळेत परीक्षेचे पेपर काढायची आमची जी पद्धत होती तीच वापरली. सरस आणि ग्लिसरीन शिजवून ते पसरट ताटात ओतायचं, थिजलं की त्यावर जांभळ्या शाईचं चित्र पालथं दाबायचं. मग एकेक कोरा कागद ठेवून उचलत जायचं. वीसेक प्रती निघत, शेवटच्या अगदी फिक्या. माझी बोटं कायम जांभळी. देवपूरच्या घरमालकीणबाईंना वाटायचं मी चोरून जांभळं खाते, तीही उन्हाळ्यात.

पहिलं पान वाटलं तेव्हा बायांनी ते उलटसुलट करून पाहिलं. फुग्याकडे बोट करून एकीनं विचारलं, "राजाना तोंडमाईन हाई काय निंघी राह्यनं वं? बिडी पेस का तो?"

वर्ग हसून लोळला. मी म्हटलं, तो धूर नाही, त्याचं बोलणं आहे. काय बोलतो ते वाचल्याशिवाय कळायचं नाही. आणि मी तोंड घट्ट मिटून बसले. दहा मिनिटं कोणी हललं नाही. शेवटी मागच्या रांगेतून एक खरखरीत आवाज आला, "रा... णी... ऊ... ठ." ती वर्गातली सगळ्यात थोराड बाई होती, पस्तिशी उलटलेली. तिला सगळ्या अक्का म्हणत. तोवर तिनं पाटीला हातही लावला नव्हता, नुसती फळ्याकडे पाहत बसायची. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी एकटीच हसत होते, कंडक्टरनं दोनदा वळून पाहिलं.

अक्काबरोबर नेहमी एक तरुण बाई यायची. एकाच घरातल्या, एक थोरली, एक धाकटी. थोरलीला मूल नव्हतं. धाकटीला तीन वर्षांची मुलगी होती, ती मात्र सदा थोरलीच्या मांडीवर. मी धरून चालले की या जावा. मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. धाकटी पहिल्या रांगेत बसायची. तिचं नाक असं काही सरळ आणि धारदार होतं की माझा हात शिवशिवायचा. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. नाटकात दोन राण्या होत्या. धाकट्या राणीला मी ते नाक दिलं, ठिपकेही दिले. थोरल्या राणीचा चेहरा मी वडिलांच्या एका जुन्या पडद्यावरून उचलला.

बायांनी तत्काळ ओळखलं. "हाई धाकलीच शे! नाक देख, गोंदण देख." धाकटी लाजली, पण पहिली चारही पानं तिनं घडी करून जपून ठेवली. गावात तिला राणीसाहेब म्हणायला लागले. पाणवठ्यावर तिला पुढे जागा मिळू लागली. मला माझ्या कलेचा अभिमान वाटला, दुसरं काय वाटणार?

पाचव्या पानावर मी जरा जास्तच हुशारी केली. नाटकात प्रधान दुधात विष कालवतो आणि पेला धाकट्या राणीच्या हातून थोरलीकडे जाईल अशी व्यवस्था करतो. धाकटी राणी नवी आलेली, भोळी. पण दारापर्यंत जाता जाता तिला संशय येतो आणि ती थोरलीच्या देखत पेला आधी आपल्याच ओठाला लावते. नाटकातला हा मोठा प्रवेश. मी तो मधेच तोडला. एका चौकटीत नुसता हात, पुडी सोडताना. हातात बांगड्या चितारल्या नव्हत्या, म्हणजे पुरुषाचा हात हे चाणाक्ष वाचकानं ओळखावं. त्यापुढच्या चौकटीत पेला घेऊन दारात उभी धाकटी राणी. खाली ओळ लिहिली, "विष कोणी घातलं? पुढच्या पानात वाचा." आता या वाचल्याशिवाय राहणार नाहीत, असं मनाशी म्हणत मी पान वाटलं आणि एसटी पकडली. पुढे शाळेची वार्षिक परीक्षा आली. दोन आठवडे मला गावाला जाता आलं नाही.

गेले तेव्हा ओसरीवर तीनच बाया होत्या. कोणाच्या पुढ्यात शेंगा नव्हत्या. बाकीच्या कुठे, म्हणून मी विचारलं. मग ती ठसक्यातली बाई माझ्याजवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, तुले आधीच कसं माहीत पडनं?"

काय माहीत पडलं? तिनं सांगितलं ते असं. अक्का दहा दिवस अंथरुणाला खिळली होती. पोटात अन्न ठरत नव्हतं, डोळे पिवळे झाले होते. धाकटीच तिला दूध पाजत होती, काढा देत होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो, मुराळी म्हणतात त्याला. तसा अक्काचा भाऊ आला आणि त्यानं बहिणीची ही दशा पाहिली. त्याच दिवशी कोणीतरी त्याच्या हातात माझं पाचवं पान ठेवलं. धाकटी जाऊ नव्हती, सवत होती. अक्काला मूल होईना म्हणून सात वर्षांपूर्वी तिच्यावर आणलेली. आणि शिकलेली बाई, देवपूरहून येणारी, तिनं कागदावर धाकटीचं नाक काढून, गोंदण काढून, हातात विषाचा पेला दिला होता.

"ते नाटक आहे!" मी जवळजवळ ओरडलेच.

"कागदवर उनं ते खोटं कसं व्हई?" ती शांतपणे म्हणाली.

भावाचं म्हणणं होतं की धाकटीला आजच तिच्या माहेरी पोचवायचं, कायमचं. मुलगी या घरातली, ती इथेच राहील. करायला गेले काय आणि झालं काय! मी पिशवी उचलली आणि त्यांच्या घराकडे निघाले. चालले म्हणणं खोटं होईल, मी पळत होते.

अंगणात बाया जमल्या होत्या, माझा निम्मा वर्ग तिथंच होता. भाऊ खाटेवर बसलेला. धिप्पाड, पांढरा फेटा, डोळे रडून लाल. त्याच्या हातात माझं जांभळं पान होतं. त्याला वाचता येत नव्हतं, पण चित्र वाचता येत होतं. नवरा ओसरीच्या कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला. तो त्या घरात नेहमीच तसा बसत असावा. धाकटी अंगणातल्या चुलीपाशी भिंतीला टेकून उभी होती, पायाशी कपड्यांचं बोचकं. दोन दिवस तिला अक्काच्या खोलीत जाऊ दिलं नव्हतं. मला पाहिल्यावर ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, "बाई, तुमी मन्हं काय वाईट देखं?"

आजही हा प्रश्न आठवला की माझी मान खाली जाते. तिचं वाईट मी काहीच पाहिलं नव्हतं, नाक पाहिलं होतं. माणसाचा चेहरा उचलताना त्या माणसाला विचारावं, त्याच्या घरात काय आहे ते जाणून घ्यावं, एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मी तिची माफी मागायला तोंड उघडलं, पण त्या वेळी माफीचा तिला काय उपयोग होता?

सहावं पान माझ्या पिशवीत होतं. ते काढून मी भावापुढे धरलं. "भाऊ, हे बघा. विष प्रधानानं घातलंय. हिनं तर स्वतः आधी दूध तोंडाला लावलं."

त्यानं पान पाहिलं, पाचव्या पानाशी ताडून पाहिलं आणि परत दिलं. "हाई तुमी आते काढं," तो म्हणाला. "गावमा बोभाटा व्हयना म्हनीसन काढं."

मी शपथा घेतल्या. पिशवीतून नाटकाचं मूळ पुस्तक काढलं. पान लावलं आणि वाचायला सुरुवात करणार, तोच आतून अक्काचा आवाज आला. खरखरीत होताच, आता क्षीणही झाला होता.

"तू नको वाचू, बाई. तू वाचशी तर त्या म्हनतीन, बाईनी मननंच सांगं. पुस्तक आठे आन. मी वाचसू."

मी आत गेले. माझ्यामागे भाऊ आला, बाया दारात दाटल्या. अक्का भिंतीला पाठ लावून उठून बसली. गाल बसलेले, डोळ्यांत हळद. तिनं पुस्तक मांडीवर घेतलं. माझ्या चौकटींत तीन-चार शब्दांचे फुगे असत, टपोऱ्या अक्षरांत. इथे बारीक टाईप, पिवळा कागद, चित्र एकही नाही. पाच पानांची ती विद्यार्थिनी. मी ओळीखाली बोट ठेवलं. तिनं माझं बोट बाजूला केलं आणि आपलं ठेवलं.

"हे... दू... ध... को... णी... आ... णि... ले."

ती थांबली, धाप टाकली आणि पुढच्या ओळीवर आली. या ओळीला तिला किती वेळ लागला सांगता येत नाही. "ता... ई... मी... आ... णि... ले." मग पुढचा शब्द, मग त्यापुढचा. "आ... धी... मी... च... पि... णा... र." शेवटचं अक्षर लागल्यावर तिनं सगळी ओळ एकदम म्हटली, मोठ्यानं, "ताई, मी आणिले. आधी मीच पिणार." दारातली ठसक्यातली बाई पुटपुटली, "शे व माय. पुस्तकमाच शे."

मग अक्काचं बोट तिसऱ्या ओळीवर गेलं. ते थोरल्या राणीचं उत्तर होतं आणि ती ओळ मला पाठ होती. नाटककारानं त्या ओळीत जोडाक्षरांची रास घातली होती. निष्कलंक, सौहार्द, साक्ष, काय काय. मी स्वतः ती माझ्या पानात छाटून टाकली होती. अक्काचे ओठ हलले, थांबले. बोट पहिल्या शब्दावरच होतं. आता ही अडकणार, आणि अडकली की सगळं व्यर्थ जाणार. मदत करावी तर भाऊ माझ्याकडेच पाहत होता.

अक्कानं मान वर केली नाही. बोट सावकाश पुढे सरकवत, एकेक शब्द तोलत तिनं वाचलं, "आण इकडे. तुझ्या हातचं मी सात वर्षं खाते. आज काय नवं?"

नाटकातल्या धाकट्या राणीला येऊन महिनासुद्धा झाला नव्हता.

भाऊ बहिणीकडे पाहत होता, मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बाई," त्यानं विचारलं, "असंच लिहेल शे का?"

मी शिक्षिका. पोरीनं काना चुकवला तरी न खपवून घेणारी. वर्गात माझ्या लाल पेन्सिलीला सगळ्या भीत.

"असंच लिहिलंय," मी म्हटलं.

तो बाहेर गेला. चुलीपाशी जाऊन उभा राहिला आणि घसा खाकरून धाकटीला म्हणाला, "पानी दे वं, बहीन." तिनं तांब्या दिला. तो तिथेच उभ्यानं सगळं पाणी प्यायला. मग बोचकं त्यानंच उचलून आत नेऊन ठेवलं. बाया एकेक करून निघून गेल्या. माझ्याशी कोणी बोललं नाही आणि ते बरंच झालं, कारण मी अंगणातल्या खाटेवर बसून हमसून रडत होते.

पुढच्या पानापासून मी धाकट्या राणीचं नाक बदललं. धाकटीला त्याचं वाईट वाटलं म्हणे, पण माझी हिंमत झाली नाही. तिला पुन्हा गावानं राणीसाहेब कधी म्हटलं नाही, आणि वाईटही काही म्हटलं नाही.

अक्काची कावीळ उतरायला महिना लागला. आखाजी हुकली. ती वर्गाला आली ती थेट माझ्यापुढे येऊन बसली आणि म्हणाली, "आते माले ती तिसरी ओय शिकाड. खरी काय शे ती."

मी हळूच विचारलं, त्या दिवशी तिला ती ओळ लागलीच नव्हती का. "एक अक्षर लागनं नही," ती म्हणाली आणि पाटी पुढे केली.

ती एक ओळ शिकायला दोन दुपारी गेल्या. निष्कलंक शब्दावर ती तीनदा चिडली, साक्षवर एकदा. पण सोडली नाही. दुसऱ्या दुपारी तिनं ती अडखळत का होईना, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली, आणि मी तिला तिचा अर्थ समजावून सांगितला. अक्का थोडा वेळ ओळीकडे पाहत राहिली. मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"मन्हीच बरी व्हती," ती म्हणाली.

मला नाटककाराची बाजू घेता आली नाही.